इंग्रजी मजकुरात अधिकृत नावे कशी लिहावीत

मराठी माणूस इंग्रजीत अहवाल, अर्ज किंवा परिचयपत्र लिहायला बसतो तेव्हा त्याला धास्ती असते ती क्रियापदाच्या काळांची. प्रत्यक्षात कागद परत येतो तो बहुधा नावापायी. वाक्यरचना थोडी अडखळली तर वाचणारा ती सावरून घेतो. विद्यापीठाचे नाव पदवीच्या प्रमाणपत्राशी जुळले नाही, कायद्याचे नाव जुनेच राहिले किंवा जिल्ह्याच्या नावात एक अक्षर जास्त पडले, तर मात्र तपासणारा त्यावर लाल खूण करून मोकळा होतो. हा लेख अशा लेखनाला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी आहे, म्हणजे नवे भाषांतरकार, संस्थांचे अहवाल लिहिणारे कार्यकर्ते आणि बाहेरच्या विद्यापीठांचे अर्ज भरणारे विद्यार्थी यांच्यासाठी. उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण नावांचा गुंता आपल्याकडे पुरेसा आहे.

सुरुवातीलाच स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका स्वयंसेवी संस्थेचा साठेक पानांचा इंग्रजी अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. मसुद्यात कुठे बॉम्बे तर कुठे मुंबई अशी सरमिसळ होती, म्हणून मी संगणकाला आज्ञा देऊन एका दमात सगळीकडे मुंबई करून घेतले आणि काम उरकल्याच्या आनंदात चहा प्यायला गेले. छापील प्रत हाती आली तेव्हा बॉम्बे हायकोर्टाचे 'मुंबई हायकोर्ट' झाले होते, पवईच्या आयआयटीचेही बारसे झाले होते आणि रक्तदानावरच्या प्रकरणात 1952 साली नोंदवला गेलेला 'बॉम्बे रक्तगट' चक्क 'मुंबई रक्तगट' म्हणून छापला गेला होता. या नावाचा रक्तगट जगातल्या कोणत्याही रक्तपेढीत मिळणार नाही. शहराचे नाव बदलल्याने त्या शहराचे नाव धारण करणाऱ्या गोष्टींची नावे बदलत नाहीत, एवढी साधी बाब त्या दिवशी मला चांगलीच कळली.

मराठीत न बदललेली नावे

आपल्यासाठी या कामात एक खास सापळा आहे आणि तो इंग्रजीत नसून मराठीत आहे. 1995 मध्ये बॉम्बेचे मुंबई झाले, त्याआधी पूनाचे पुणे झाले, शोलापूरचे सोलापूर, नासिकचे नाशिक आणि बसीनचे वसई झाले. पण हे सारे बदल इंग्रजीतले होते. मराठीत आपण आधीही मुंबई, पुणे आणि वसईच म्हणत होतो. त्यामुळे मराठी वाक्यातून इंग्रजीकडे जाताना आपल्या मनात जुने-नवे असा भेदच उमटत नाही. मराठीत 'वसईचा तह' असे वाचले की हात आपसूक इंग्रजीत वसई लिहितो, पण 1802 च्या त्या तहाचे इंग्रजी इतिहासलेखनातले नाव 'ट्रीटी ऑफ बसीन' असे आहे. 1932 चा पुणे करार इंग्रजीत 'पूना पॅक्ट' आहे आणि 1870 ची पुणे सार्वजनिक सभा 'पूना सार्वजनिक सभा' आहे. 'मुंबई राज्य' या मराठी शब्दांचे इंग्रजी 'स्टेट ऑफ बॉम्बे' असे करावे लागते, कारण 1 मे 1960 रोजी ज्याचे विभाजन झाले त्या राज्याचे कायद्यातले नाव तेच होते आणि विभाजनाचा कायदाही 'बॉम्बे रीऑर्गनायझेशन ॲक्ट, 1960' या नावाचा आहे.

अलीकडचे बदल याच्या उलट आहेत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले तेव्हा दोन्ही भाषांतली अधिकृत नावे एकदमच बदलली, म्हणून तिथे आपण सावध असतो. फसगत होते ती जुन्या, अंगवळणी पडलेल्या नावांत.

पहिली पायरी : नावाचा मालक शोधणे

कोणतेही नाव लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा, की हे नाव नेमके कशाचे आहे आणि ते ठेवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे. राज्याचे नाव बदलायचे तर संविधानाच्या अनुच्छेद 3 नुसार संसदेला कायदा करावा लागतो. 2011 मध्ये ओरिसाचे ओडिशा तसेच झाले. शहराचे किंवा गावाचे नाव बदलण्याचा प्रस्ताव राज्य सरकार करते आणि त्याला केंद्रीय गृह मंत्रालयाची हरकत नाही असे कळावे लागते. त्यासाठी 1953 पासूनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि रेल्वे, टपाल खाते, भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मतही घेतले जाते. जिल्हा, तालुका आणि महसुली विभाग ही महसूल कायद्याची बाब आहे. विद्यापीठाचे नाव त्याच्या कायद्यात असते, कंपनीचे नाव कंपनी निबंधकाच्या दप्तरात असते आणि मतदारसंघाचे नाव परिसीमनाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखण्याच्या, आदेशात असते.

छत्रपती संभाजीनगरवर हे लावून पाहावे. केंद्राची मान्यता येऊन शहराचे नाव बदलले ते फेब्रुवारी 2023 मध्ये. जिल्हा आणि विभाग यांच्या नावांची अधिसूचना निघाली ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. मधल्या साडेसहा महिन्यांतल्या एखाद्या घटनेचा अहवाल काटेकोरपणे लिहायचा तर शहराचे नाव नवे आणि जिल्ह्याचे जुने असा विचित्र वाटणारा, पण बरोबर मजकूर तयार होतो. रेल्वे स्थानकाचे नाव बदलायला ऑक्टोबर 2025 उजाडला. आणि 2024 ची लोकसभा निवडणूक झाली ती 'औरंगाबाद' या मतदारसंघात, कारण परिसीमनाच्या 2008 च्या आदेशात ते नाव तसेच होते. निवडणुकीच्या निकालाविषयी इंग्रजीत लिहिताना मतदारसंघाचे नाव तेच ठेवावे लागते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे नाव घ्यायचे असेल तर ज्या आदेशाचा उल्लेख करायचा आहे त्याच्या माथ्यावर काय छापले आहे ते पाहून तसेच उतरवावे, शहराच्या नावावरून अंदाज बांधू नये.

बॉम्बे हायकोर्टाचे उदाहरणही याच जातीचे आहे. हे न्यायालय 1862 मध्ये राणीच्या सनदेने स्थापन झाले. बॉम्बे, कलकत्ता आणि मद्रास या उच्च न्यायालयांची नावे बदलण्याचे विधेयक 2016 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण ते मंजूर झाले नाही. म्हणून शहर मुंबई आणि न्यायालय बॉम्बे अशी आजची स्थिती आहे. पवईच्या संस्थेचे नाव 1961 च्या केंद्रीय कायद्यात बॉम्बे असे आहे आणि तेच चालते. याउलट 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे'चे 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' 1996 मध्ये झाले. कंपन्या, बँका आणि खासगी संस्था तर शहराच्या नावाशी बांधीलच नसतात. बडोदा शहर इंग्रजीत वडोदरा झाले तरी बँक ऑफ बडोदा तीच राहिली. बॉम्बे डाइंग आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनीही आपली नावे ठेवली. सैन्यातली 'पूना हॉर्स' ही तुकडी त्याच नावाने ओळखली जाते. खडकीत तर एकाच वस्तीत दोन रूपे नांदतात: रेल्वे स्थानक 'खडकी' आहे आणि 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन'च्या देखरेखीखालची दफनभूमी 'किर्की वॉर सेमेटरी' आहे. दोन्ही बरोबर आहेत.

दुसरी पायरी : इंग्रजी रूप मूळ ठिकाणाहून घेणे

नावाचा मालक कळला की त्याचे इंग्रजी रूप त्याच्याच कागदावरून घ्यावे. संस्थेची मोहोर, पत्रशीर्ष, तिच्या स्थापनेचा कायदा आणि शासनाचे राजपत्र ही विश्वासाची ठिकाणे आहेत. भ्रमणध्वनीवरचे नकाशे, दुकानांच्या पाट्या आणि वर्तमानपत्रांचे मथळे सोयीचे असतात, पण त्यांच्यावर विसंबून अधिकृत मजकूर लिहू नये.

राजपत्राविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. महाराष्ट्रात कायदे मराठीत होतात आणि त्यांचा इंग्रजी अनुवादही राजपत्रात येतो. संविधानाच्या अनुच्छेद 348 मधील तिसऱ्या खंडानुसार, राज्यपालांच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला हा इंग्रजी अनुवाद त्या कायद्याचा इंग्रजीतील अधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे एखाद्या विद्यापीठाच्या किंवा प्राधिकरणाच्या नावाचे इंग्रजी आपण आपल्या बुद्धीने करण्याची गरजच नसते. ते कुठेतरी आधीच करून ठेवलेले असते आणि आपले काम ते शोधण्याचे असते. नवा भाषांतरकार इथे हमखास घाई करतो, कारण नाव तर सोपे दिसते आणि शब्दकोश हाताशी असतो.

एखाद्या संस्थेची दोन इंग्रजी रूपे फिरत असतील तर काय करायचे, असा प्रश्न येतो. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे तसेच आहे: 'बृहन्मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशन' आणि 'म्युनिसिपल कॉर्पोरेशन ऑफ ग्रेटर मुंबई' ही दोन्ही रूपे तिच्याच कागदांवर आढळतात. अशा वेळी ज्या कागदपत्राला उत्तर द्यायचे किंवा ज्याचा आधार घ्यायचा त्यातले रूप उचलावे आणि त्या मजकुरात शेवटपर्यंत तेच ठेवावे. गंमत अशी की बी, एम आणि सी ही आद्याक्षरे बॉम्बेच्या काळातली आहेत, पण बृहन्मुंबईलाही ती नेमकी लागू पडली, त्यामुळे ती बदलायची वेळच आली नाही.

तिसरी पायरी : अर्थ सांगायचा की उच्चार ठेवायचा

मराठी नावाचा इंग्रजीत अर्थ द्यावा की नाव जसेच्या तसे रोमी अक्षरांत लिहावे, याला एकच नियम नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत ते फार स्पष्ट दिसते. जिल्हा परिषदेला पुष्कळ जण 'डिस्ट्रिक्ट कौन्सिल' म्हणतात, पण 1961 च्या कायद्याच्या इंग्रजी नावातच 'झिल्ला परिषद' आणि 'पंचायत समिती' हे शब्द आहेत, तेही इंग्रजी अनेकवचनाचा एस लावून. त्यांचे भाषांतर करायचे नसते. नगरपरिषदेचे मात्र भाषांतर करायचे असते, कारण 1965 च्या कायद्यात ती 'म्युनिसिपल कौन्सिल' आहे. आणि त्याच कायद्याच्या त्याच नावात पुढचा शब्द 'नगर पंचायत' असा मूळ रूपात ठेवलेला आहे. ग्रामपंचायतीचे तिसरेच: कायद्याच्या इंग्रजी नावात ती 'व्हिलेज पंचायत' आहे, म्हणजे अर्धा शब्द इंग्रजी आणि अर्धा आपला. या पाच संस्थांची इंग्रजी रूपे तर्काने काढायला गेलो तर निदान दोन तरी चुकतील. ती पाठ करावीत किंवा लिहून ठेवावीत.

पदनामांतही हेच दिसते. जिल्हाधिकारी म्हणजे 'कलेक्टर', त्याला 'डिस्ट्रिक्ट ऑफिसर' म्हणू नये. तहसीलदार आणि तलाठी हे शब्द मात्र जमीन महसूल संहितेच्या इंग्रजी पाठातही तसेच आहेत, आणि तिथे तहसीलदाराचे स्पेलिंग टी-ए-एच-एस असे सुरू होते, टी-ई-एच असे नाही. विधानसभा महाराष्ट्रापुरती लिहिताना 'लेजिस्लेटिव्ह असेंब्ली' होते, पण लोकसभा ही लोकसभाच राहते, जरी संविधानाच्या इंग्रजी पाठात तिला 'हाउस ऑफ द पीपल' म्हटलेले असले तरी. लोकसभा आणि राज्यसभा ही नावे इंग्रजी व्यवहारात 1954 मध्ये स्वीकारली गेली आणि आता जुनी रूपे कोणी वापरत नाही.

चौथी पायरी : एकेक अक्षर तपासणे

देवनागरीत उच्चार बांधलेला असल्यामुळे आपण इंग्रजी स्पेलिंगही कानाने लावतो, आणि इथेच घसरतो. 'छत्रपती' या शब्दाचे अधिकृत स्पेलिंग सी-एच-एच-ए असे सुरू होते. दुसरा एच गाळला की नाव चुकले, आणि ही चूक मी निमंत्रणपत्रिकांपासून निविदांपर्यंत सर्वत्र पाहिली आहे. साहित्य अकादमीच्या इंग्रजी नावात 'अकादमी' हा शब्द के घेऊन आणि शेवटी आय लावून लिहितात. संगीत नाटक अकादमी आणि ललित कला अकादमी यांचेही तसेच. संगणकाची शुद्धलेखन तपासणी या शब्दाखाली लाल रेघ ओढते आणि सी आणि वाय असलेले इंग्रजी रूप सुचवते. ती सूचना स्वीकारू नये. 'आधार' आणि 'नीती आयोग' यांत दीर्घ आ दाखवण्यासाठी दोन ए आहेत, पण आधारमध्ये ते दोनदा येतात आणि आयोगमध्ये एकदा.

एका अक्षराने गाव बदलते अशीही उदाहरणे आहेत. आपल्या विदर्भातील अमरावतीच्या स्पेलिंगमध्ये एम नंतर थेट आर येतो. आंध्र प्रदेशातील अमरावतीत त्या दोघांच्या मधे एक ए आहे. महाराष्ट्रातला रायगड डी ने संपतो आणि छत्तीसगडमधला रायगड आर आणि एच ने. मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून मराठी मसुद्यावरून काम करणाऱ्याने आधी राज्य विचारून घ्यावे. औरंगाबादही दोन होती हे आता विसरले जाईल. बिहारमधला औरंगाबाद जिल्हा त्याच नावाने आहे आणि राष्ट्रीय पातळीच्या यादीत शोधून बदलण्याची आज्ञा दिली तर त्याचेही छत्रपती संभाजीनगर होऊन बसते.

मुंबईच्या लोकल गाड्यांनी जाणाऱ्यांना ठाऊक आहे की फलाटावर देवनागरीत वांद्रे, शीव आणि भायखळा असते आणि खाली रोमी लिपीत बांद्रा, सायन आणि बायकला. इंग्रजी मजकुरात रोमी पाटीवरचे रूप घ्यावे. वांद्रेचे स्पेलिंग स्वतः बनवून लिहिले तर पत्ता शोधणारा गोंधळतो. गोव्यात याहून मजेदार प्रकार आहे. मडगाव शहराचे इंग्रजी नाव पोर्तुगीज वळणाने 'मारगाव' असे लिहिले जाते, पण त्याच शहराच्या रेल्वे स्थानकाच्या नावात डी आहे. म्हणून नगरपालिकेविषयी लिहिताना एक आणि गाडीच्या वेळापत्रकाविषयी लिहिताना दुसरे, असे एकाच परिच्छेदात करावे लागते. म्हापसा इंग्रजीत एच न लावता लिहितात, हेही तिथे गेलेल्याशिवाय सुचत नाही.

पाचवी पायरी : तारीख

नावाला स्थळ असते तसा काळही असतो, आणि मला विचाराल तर सगळ्या पायऱ्यांत हीच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. साधा संकेत असा की घटना ज्या दिवशी घडली त्या दिवशीचे अधिकृत नाव वापरावे आणि वाचकाला गरज असेल तर आजचे नाव कंसात एकदाच द्यावे. बोरीबंदरच्या स्थानकावर हे नीट पाहता येते. 1887 पासून ते 'व्हिक्टोरिया टर्मिनस' होते, 1996 मध्ये 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' झाले आणि 2017 मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द आला. त्यामुळे 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याविषयी लिहिताना मधले नाव येते आणि आजच्या गाडीविषयी लिहिताना शेवटचे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 2004 मध्ये नोंद झाली ती मधल्या नावाने, कंसात जुने नाव देऊन. त्या नोंदीचा हवाला द्यायचा तर ती आहे तशी द्यावी, आपल्या भक्तीने तिच्यात भर घालू नये. शहराच्या विमानतळाच्या नावात 'महाराज' 2018 मध्ये आले, पण तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत अजून बॉम्बेचाच आहे आणि पुण्याच्या विमानतळाच्या संकेतात पूना दडलेला आहे. संकेत हे नाव नव्हे, तो बदलायला जाऊ नये.

परिचयपत्र लिहिणाऱ्यांसाठी विद्यापीठांची नावे हा रोजचा प्रश्न आहे. पुण्याचे विद्यापीठ आधी 'युनिव्हर्सिटी ऑफ पूना' होते, मग 'युनिव्हर्सिटी ऑफ पुणे' झाले आणि 2014 पासून 'सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी' आहे. आजोबा, मुलगी आणि नातू यांनी एकाच इमारतीतून पदव्या घेतल्या असल्या तरी तिघांच्या प्रमाणपत्रांवर तीन नावे असू शकतात, आणि प्रत्येकाने आपल्या प्रमाणपत्रावरचे नाव लिहून पुढे कंसात आजचे नाव द्यावे. मराठवाडा विद्यापीठाचे तर नामांतरासाठी सतरा वर्षांच्या आसपास आंदोलन झाले आणि 14 जानेवारी 1994 रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्या तारखेच्या आधीच्या पदवीला जुने नाव लावणे म्हणजे नव्या नावाचा अनादर नव्हे, ती कागदाशी जुळणारी नोंद आहे. हा खुलासा मला एकदा एका उमेदवाराला फार वेळ करावा लागला होता. जन्मस्थळाचेही असेच आहे: 1990 च्या जन्मदाखल्यावर उस्मानाबाद असेल तर अर्जात आधी ते, मग कंसात धाराशिव.

कायद्यांच्या नावात तारखेची गंमत उलटी फिरते. महाराष्ट्राने 2012 मध्ये एका कायद्याद्वारे आपल्या कित्येक जुन्या कायद्यांच्या संक्षिप्त नावातला 'बॉम्बे' काढून 'महाराष्ट्र' घातला, पण वर्ष तेच ठेवले. म्हणून आज 'महाराष्ट्र पोलीस ॲक्ट, 1951' असे लिहायचे असते, जरी 1951 मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते तरी. ते वाचून नव्या माणसाला चूक वाटते आणि तो वर्ष तरी बदलतो किंवा नाव तरी. दोन्ही करू नये. मात्र 1985 च्या एखाद्या न्यायनिर्णयातला उतारा उद्धृत करताना त्यात 'बॉम्बे पोलीस ॲक्ट' असेल तर अवतरणचिन्हांच्या आत हात लावू नये. अवतरण, ग्रंथाचे नाव, प्रकाशनाचे स्थळ आणि खटल्याचे शीर्षक ही चार ठिकाणे माझ्या लेखी सोवळ्यातली आहेत.

ज्या नावावर वाद आहे

कर्नाटकाने 1 नोव्हेंबर 2014 रोजी बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली आणि त्यात बेळगावचे इंग्रजी रूप 'बेळगावी' झाले. आपल्याकडे हा नुसता स्पेलिंगचा विषय नाही. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि सीमाभागातला मराठी माणूस ते नाव उच्चारताना काहीतरी सांगत असतो. तरीही अधिकृत इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्याने टपालाचा पत्ता, जिल्हा आणि सरकारी कार्यालय यांसाठी प्रचलित अधिकृत रूपच घ्यावे. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी 'बेलगाम' हे त्या काळचे रूप घ्यावे आणि एखाद्या संस्थेने स्वतःच्या नोंदणीकृत नावात जे लिहिले असेल ते तसेच ठेवावे. मराठीत लिहिताना बेळगाव म्हणायला कोणाची आडकाठी नाही. मतभेद मांडायचा असेल तर तो वाक्यात मांडावा, पत्त्यात मांडू नये.

देशांची नावे आपल्या कामात क्वचित येतात, म्हणून थोडक्यात: 2022 पासून संयुक्त राष्ट्रांत तुर्कस्तानचे इंग्रजी नाव 'तुर्किये' आहे आणि त्यातल्या यू वर दोन टिंबे आहेत, स्वाझीलँड 2018 पासून 'इस्वातिनी' आहे, आणि 'कोत दिव्वार' या देशाला आपल्या नावाचे 'आयव्हरी कोस्ट' असे भाषांतर केलेले चालत नाही.

माणसांची नावे

व्यक्तीच्या नावाचा मालक ती व्यक्ती असते, त्यामुळे इथे आपली मते बाजूला ठेवावीत. पारपत्रावर जे स्पेलिंग आहे ते घ्यावे, मग ते कितीही विचित्र वाटो. कुलकर्णी आणि देशपांडे यांची निरनिराळी स्पेलिंगे एकाच घरात आढळतात आणि ती 'सुधारणे' हे आपले काम नव्हे. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापलेले असते. तोच क्रम परदेशी अर्जात उतरवला की तिकडच्या कार्यालयाचे पहिले पत्र 'प्रिय पाटील' अशा घसटीने येते आणि पुढे सगळ्या नोंदी उलट्या होतात. म्हणून अर्जातल्या रकान्याचे शीर्षक वाचून नाव तोडावे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा चार भागांचा क्रम राज्याने लावला आहे. ती मुले परदेशी अर्ज भरू लागतील तेव्हा दोन रकान्यांत चार भाग कसे बसवायचे हे त्यांच्या भाषांतरकाराला ठरवावे लागेल. विवाहानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदलले असेल आणि तो बदल राजपत्रात प्रसिद्ध झाला असेल, तर जुन्या प्रमाणपत्रांच्या भाषांतरात जुनेच नाव ठेवून राजपत्राची प्रत सोबत जोडावी.

मजकुरात नाव बसवताना

पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, त्याच ठिकाणी कंसात संक्षेप आणि पुढे फक्त संक्षेप, ही पद्धत सर्वांना माहीत आहे. तिच्यात दोन दुरुस्त्या सुचवते. संक्षेप त्या संस्थेचा स्वतःचा नसेल तर बनवू नये. छत्रपती संभाजीनगरची तीन आद्याक्षरे आपल्याला ओळखीची वाटली तरी दिल्लीतल्या किंवा लंडनमधल्या वाचकाला ती काहीच सांगत नाहीत. आणि 'छत्रपती', 'महाराज', 'डॉ.' किंवा 'सर' हे शब्द अधिकृत नावाचा भाग असतील तर ते पदवी समजून गाळू नयेत, 'डॉ. भाऊ दाजी लाड मुंबई सिटी म्युझियम' यातले प्रत्येक अक्षर नावाचेच आहे. इंग्रजीत उच्च न्यायालयाच्या नावापुढे 'द' येतो आणि शहराच्या नावापुढे येत नाही, हे सवयीने जमते.

या सगळ्यासाठी मी प्रत्येक कामाच्या सुरुवातीला एक पान बाजूला ठेवते आणि त्यावर मजकुरातली सगळी नावे एकाखाली एक लिहिते: मराठी रूप, इंग्रजी रूप, ते कोणत्या कागदावरून घेतले आणि कोणत्या दिवशी पाहिले. तारीख लिहिणे कंटाळवाणे वाटते, पण मागच्या वर्षीचे पान या वर्षी उघडले की तिचा उपयोग कळतो, कारण तोवर एखाद्या रेल्वे स्थानकाचे नाव बदललेले असते. शोधून बदलण्याची आज्ञा मी अजूनही वापरते, मात्र प्रत्येक ठिकाणी थांबून, होय किंवा नाही म्हणत. आणि छपाईपूर्वीची शेवटची फेरी फक्त नावांसाठी, शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे करते, म्हणजे मजकुराच्या ओघात डोळा पुढे धावत नाही. त्या अहवालातला रक्तगट मला अशाच उलट्या वाचनात सापडला होता, फक्त तोवर पाचशे प्रती बांधून झाल्या होत्या.